रेडिओच्या खोबणीवरील जकात

रेडिओ-संचाची किंमत केवळ त्यातील तारा, लाकूड व काच यांवरच ठरते असे नाही. पेटंटाचा हक्कही तीत आपला वाटा मागतो. ब्रिटनमध्ये १९२२ साली नभोवाणी सुरू झाली, तेव्हा संचाला लागणाऱ्या अनेक महत्त्वाच्या शोधांची पेटंटे मार्कोनी कंपनीच्या हाती होती. व्हॉल्व्ह बसविण्याच्या प्रत्येक खोबणीमागे कंपनी १२ शिलिंग ६ पेन्स शुल्क घेई. संच श्रीमंताच्या दिवाणखान्यातला असो वा मजुराच्या खोलीतला, दर तोच! दोन व्हॉल्व्हच्या साध्या संचावरही २५ शिलिंगांचा बोजा पडे. साहजिकच थोड्या व्हॉल्व्हांत अधिक काम साधण्याकडे कारखानदारांचा कल झाला.

स्वस्त संच बनविणाऱ्या ब्राउनी कंपनीने या दराविरुद्ध पेटंट-नियंत्रकाकडे दाद मागितली. त्याने कौल तिच्या बाजूने दिला. परंतु १९२९ साली उच्च न्यायालयाने तो फिरविला. खटला मार्कोनीने जिंकला खरा. तथापि त्याच वर्षी शुल्क मात्र खोबणीमागे ५ शिलिंगांवर उतरले.

संशोधकाला त्याच्या बुद्धीचे मोल मिळालेच पाहिजे. पण ते वस्तूच्या किमतीचे तारतम्य न ठेवता आकारले, तर त्याचा सर्वांत जड भार सर्वांत हलक्या खिशावर पडतो.