पितळी डबी, माकडटोपी आणि दिवाळी अंक

सध्या मुक्काम लॅन्सडाउन. गढवाल रायफल्सचं घर. डिसेंबर संपत आला आहे आणि दुपारी चारलाच देवदारांतून गारठा खाली उतरतो. गेल्या रविवारी इथून तासाभरावर असलेल्या एका निवृत्त सुभेदार साहेबांच्या गावी जाणं झालं. अंगणात त्यांच्या पत्नी उन्हाला पाठ करून स्वेटर विणत बसल्या होत्या. नातू फौजेत आहे, त्याच्यासाठी. शेजारी एक चपटी पितळी डबी. तिच्यात बटणं, क्रोशाची सुई, सेफ्टी पिना. मी सहज झाकण लावलं आणि बघतच राहिलो. झाकणावर एका मुलीचा चेहरा, झिजून जवळजवळ गुळगुळीत झालेला.

"दादाजी की है," सुभेदार साहेब म्हणाले. "फ्रांस से लाए थे."

वाचकहो, ही डबी मी आजवर फक्त फोटोत पाहिली होती. ती कुणाच्या घरात रोजच्या वापरात असेल असं कधी वाटलं नव्हतं.

झाकणावरची मुलगी म्हणजे पंचम जॉर्जची मुलगी, राजकन्या मेरी. १९१४ च्या ऑक्टोबरात, वयाच्या सतराव्या वर्षी, तिच्या नावाने जनतेला आवाहन झालं: नाताळच्या दिवशी राजाच्या गणवेशात असलेल्या प्रत्येकाला एक भेट मिळावी. एक लाख बासष्ट हजार पौंडांहून जास्त रक्कम जमली आणि पुढे पंचवीस लाखांहून अधिक भेटी वाटल्या गेल्या. पाच इंच लांब, सव्वातीन इंच रुंद डबी. कडेने मित्रराष्ट्रांची नावं: फ्रान्स, रशिया, बेल्जियम, जपान, सर्बिया, अगदी माँटेनेग्रोसुद्धा. हिंदुस्थानचं नाव नाही. तो 'इम्पेरियम ब्रिटानिकम' या शब्दांत धरलेला.

आतला माल मात्र माणूस बघून भरला होता, आणि क्वार्टरमास्टरचं काम केलेल्या कुणालाही ती यादी वाचताना गंमत वाटेल. गोऱ्या सैनिकाला पाइप, तंबाखू, सिगारेटी. विडी न ओढणाऱ्या गोऱ्याला आंबट गोळ्या आणि कागद-पेन्सिल. गुरख्याला गोऱ्यासारखंच. शिखाला सिगारेट चालणार नाही म्हणून खडीसाखर आणि मसाल्याची छोटी डबी. बाकी हिंदी शिपायांना सिगारेटी, खडीसाखर आणि मसाला. भिश्त्याला फक्त मसाला. खंदकापर्यंत पखाल पोचवणारा भिश्ती यादीत आला हे खरं. पण पायरी कुठे थांबते तेही त्याच यादीत दिसतं.

आपल्या मराठा पलटणी त्या हिवाळ्यात फ्रान्समध्ये नव्हत्या. १०३, ११० आणि ११७ मराठा ६ व्या पुणे डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात होत्या. दूरच्या आघाड्यांवर ही भेट नाताळानंतरच पोचली. फ्रान्समध्ये होत्या लाहोर आणि मेरठ डिव्हिजन, आणि मेरठ डिव्हिजनमध्ये ३९ व्या गढवाल रायफल्सच्या दोन पलटणी. हिंदी फौज २६ सप्टेंबर १९१४ पासून मार्सेयला उतरू लागली. अंगावर सुती खाकी. ऑक्टोबरअखेर हीच माणसं फ्लँडर्सच्या चिखलात उभी होती आणि जाड कपडे मागून येत होते. २३-२४ नोव्हेंबरच्या रात्री फेस्टुबर्टजवळ नायक दरवानसिंह नेगी यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला, तेव्हा जमीन गोठलेली होती. इथलं रेजिमेंटल म्युझियम त्यांच्याच नावाचं आहे.

इकडे इंग्लंडभर सुया चालू झाल्या होत्या. लॉर्ड किचनेर यांनी राणी मेरीकडे तीन लाख मोज्यांचे जोड आणि तीन लाख लोकरी कमरपट्टे मागितले, तेही नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत. शाळकरी मुलींपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्या विणायला बसल्या. मोज्याच्या टोकाला शिवण न येता टाके जोडायच्या पद्धतीला आजही 'किचनेर स्टिच' म्हणतात. ती साहेबांनी स्वतः शोधली अशी कथा आहे. माझा त्यावर विश्वास नाही. हिंदी शिपायांसाठी लंडनमध्ये वेगळा इंडियन सोल्जर्स फंड निघाला. त्यातून मफलर, मोजे, मिठाई आणि धर्मग्रंथ गेले. म्हणजे पौडीतल्या शिपायाच्या पायात जे मोजे आले, ते जिने त्याचा चेहरा कधी पाहिला नाही अशा बाईने विणलेले. त्याच्या आईला फ्रान्स कुठल्या दिशेला आहे हेही माहीत नसावं.

लोकरीच्या दुकानात गेलात तर आणखी एक युद्ध भेटेल. खडकवासल्यात मिलिटरी हिस्टरीच्या तासाला क्रिमियाच्या लढाईत आम्ही डुलक्या काढल्या, पण ती लढाई आपण अजून अंगावर घालतो. कार्डिगन हा लाइट ब्रिगेडच्या चढाईचा अर्ल ऑफ कार्डिगन. रॅगलन बाही ही वॉटर्लूत उजवा हात गमावलेल्या लॉर्ड रॅगलनची; तोच क्रिमियातला सरसेनापती. आणि आपली माकडटोपी म्हणजे बालाक्लाव्हा, हे त्या सैन्याच्या बंदराचं नाव. १४ नोव्हेंबर १८५४ च्या वादळात हिवाळी कपडे घेऊन आलेलं 'प्रिन्स' जहाज तिथे बुडालं. जे सामान उतरलं तेही बंदरात पडून राहिलं आणि वर पठारावर माणसं गारठून गेली. विणलेली टोपी आधी सरकारी भांडाराला पडलेलं भोक असते, मग मायेची वस्तू. हे बोचतं, पण वीस वर्षांच्या नोकरीनंतर माझं मत असंच झालं आहे.

१९१४ च्या नाताळाला खंदकांमध्ये जो प्रसिद्ध युद्धविराम झाला, त्यात गढवालीही होते. मधल्या जमिनीवर दोन्हीकडची माणसं एकमेकांना भेटली, वस्तूंची देवाणघेवाण झाली. सुभेदार साहेबांचे आजोबा त्यात होते का, हे घरात कुणाला ठाऊक नाही. ते फार बोलत नसत.

लोकरीच्या जोडीने पुस्तकंही जात. 'कॅम्प्स लायब्ररी' नावाच्या योजनेत इंग्लंडमधल्या कुणीही वाचून झालेली कादंबरी पोस्टाच्या खिडकीवर नुसती ठेवायची. पत्ता नको, तिकीट नको. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकनांनी याचा कारखानाच केला. १९४३ ते १९४७ दरम्यान १,३२२ पुस्तकांच्या खास आवृत्त्या, गणवेशाच्या खिशात मावतील अशा, बारा कोटींहून जास्त प्रती. १९१४ च्या आपल्या शिपायाला मात्र कादंबरीचा उपयोग नव्हता. बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. पत्रही दुसऱ्याकडून लिहून घ्यायचं आणि आलेलं दुसऱ्याकडून वाचून घ्यायचं, चारचौघांत.

आमच्या घरातली लोकर १९६२ ची. २० ऑक्टोबरला नामका चूवर चिनी हल्ला झाला तेव्हा दिवाळी आठवड्यावर आली होती. ब्रिगेडियर जॉन दळवींच्या ७ इन्फन्ट्री ब्रिगेडमधले कित्येक जवान सुती कपडे आणि कॅनव्हासच्या बुटांत होते. देशभर बायकांनी दागिने दिले आणि सुया हातात घेतल्या. साताऱ्यात आमच्या वाड्याच्या ओसरीवर दुपारी आठ-दहा जणी बसत. आजी तोवर फक्त बाळांच्या टोपड्यांपुरतं विणायची. मापाचा पुरुषी स्वेटर तिने पहिल्यांदाच घातला, आणि दोनदा उसवला. माझी आई तेव्हा दहा वर्षांची. तिच्या हाताला विणकाम येईना, म्हणून तिला वाचायला बसवलं. हरिभाऊ आपट्यांचं 'उषःकाल' तिने त्या ओसरीवर मोठ्याने वाचलं. रंगात आलेलं प्रकरण संपेपर्यंत कुणी सुया खाली ठेवायची नाही, असा आजीचा हुकूम होता. आई म्हणते, मजकूर फारसा कळत नव्हता, पण कुणाचा टाका सुटला की वाचन थांबवावं लागे, ते आठवतं.

आजीने प्रत्येक स्वेटरच्या आत एक चिठ्ठी घातली होती. नाव, गाव आणि 'सुखरूप या'. उत्तर एकाचंही आलं नाही.

मी कमिशन होऊन पहिल्यांदा सुट्टीवर गेलो तेव्हा आईने विचारलं, "आता तू फौजेतला. खरं सांग, पोचले असतील का रे ते?"

हिशेब अवघड नव्हता. चीनने युद्धविराम जाहीर केला २१ नोव्हेंबरला. एका स्वेटरला दहा-बारा दिवस, मग गोळा करणं, रेल्वे, मग ट्रक, मग खेचरं. नामका चूवरचे जे पहिल्याच सकाळी पडले, त्यांच्यासाठी तर पहिला टाकाही घातला गेला नव्हता. मी म्हणालो, "पोचले असणार." ती काही बोलली नाही. मला वाटतं तिला कळलं.

पुढे कॅप्टन असताना एका उंच पोस्टवर हिवाळा काढला, तेव्हा मी तो हिशेब पुन्हा मांडला. युद्ध संपलं तरी फौज डोंगरातच राहिली होती, आणि जानेवारी-फेब्रुवारीचा बर्फ युद्धविराम मानत नाही. त्या महिन्यांत कुणीतरी तो घातला असणार. हे मी आईला नंतर सांगितलं, नकाशा काढून.

त्या पोस्टवर डिसेंबरात एकदा हेलिकॉप्टरने डाक टाकली. मार्फत ५६ एपीओ, आईचं पार्सल: दोन दिवाळी अंक आणि एक माकडटोपी. आता तिला विणता येत होतं. दिवाळी अंक नाताळला मिळण्याचा अनुभव ब्लॉगवरच्या जुन्या मंडळींना नवा नसेल. सरकारी टोपी जास्त उबदार होती, हेही नोंदवतो. पण झोपताना मी आईचीच घालायचो. अंक बुखारीजवळ बसून माझ्यानंतर एका नाशिकच्या हवालदाराने आणि मग साताऱ्याच्या दोघा जवानांनी जाहिरातींसकट वाचले. परत आले तेव्हा पानांना रॉकेलचा वास होता.

रविवारी निघताना माताजींनी मला उभं केलं आणि अर्धा स्वेटर माझ्या पाठीला लावून बघितला. नातू माझ्याच अंगाचा आहे म्हणे. "दो उंगल और," त्या म्हणाल्या आणि पुन्हा बसल्या.

रात्री डबीचा फोटो आईला पाठवला. तिने विचारलं, आत काय आहे? बटणं, मी लिहिलं.