ग्राहकांच्या वैयक्तिक माहितीचे संरक्षण (महाड–पोलादपूर)

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, 2023 हा नाव, मोबाइल क्रमांक, आधार, छायाचित्र, बँक खाते अशी व्यक्तीची ओळख पटवणारी माहिती कोणी, कशासाठी आणि किती काळ बाळगावी हे ठरवणारा भारतातील पहिला स्वतंत्र कायदा होय. रायगड जिल्ह्याच्या आतल्या अंगाला असलेल्या महाड व पोलादपूर तालुक्यांत त्याचा संबंध मोठ्या कंपन्यांपेक्षा महामार्गावरची लॉजे, झेरॉक्सची दुकाने, आपले सरकार सेवा केंद्रे आणि पूर-दरडीनंतर तयार होणाऱ्या मदतीच्या याद्या यांच्याशी अधिक येतो.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने 24 ऑगस्ट 2017 रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, तेथून या कायद्याची वाट सुरू झाली. त्याच वर्षी नेमलेल्या समितीचे अध्यक्ष न्या. बी. एन. श्रीकृष्ण होते, 1992–93 च्या मुंबई दंगलींच्या चौकशी आयोगामुळे हे नाव महाराष्ट्राला आधीपासून ठाऊक होते. समितीचा अहवाल 2018 मध्ये आला. 2019 चे विधेयक संसदीय समितीत रेंगाळून 2022 मध्ये मागे घेतले गेले. नव्या, बऱ्याच आटोपशीर विधेयकाला 11 ऑगस्ट 2023 रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि नियम निघाले ते नोव्हेंबर 2025 मध्ये. अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने ठेवली आहे. तक्रारी ऐकून दंड ठरवणाऱ्या डेटा संरक्षण मंडळाची तरतूद लगेच लागू झाली, व्यक्तीच्या वतीने संमती देणे-मागे घेणे सांभाळणाऱ्या संमती व्यवस्थापकांच्या नोंदणीला एक वर्ष दिले गेले, आणि ग्राहकाचे हक्क व व्यावसायिकांची कर्तव्ये दीड वर्षाने, म्हणजे मे 2027 पासून लागू व्हायची आहेत.

कायद्याचा गाभा संमती हा आहे. ती मोकळेपणाने, नेमक्या कारणासाठी आणि स्पष्ट कृतीने दिलेली असावी लागते. आधीच खूण केलेला चौकोन चालत नाही. संमती मागताना द्यायची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय हवी, त्यामुळे ती मराठीत मागता येते. दिलेली संमती मागे घेणे हे देण्याइतकेच सोपे असले पाहिजे. आपली कोणती माहिती कोणाकडे आहे हे विचारण्याचा, ती दुरुस्त करून किंवा पुसून घेण्याचा आणि आपल्या पश्चात हे हक्क वापरण्यासाठी दुसरी व्यक्ती नेमण्याचा अधिकार व्यक्तीला मिळतो. 18 वर्षांखालील मुलांसाठी पालकांची पडताळलेली संमती लागते. मुलांवर पाळत ठेवून त्यांना हेरून जाहिराती दाखवण्यास सर्वसाधारणपणे बंदी आहे.

केवळ कागदावर राहिलेली माहिती मात्र या कायद्याच्या कक्षेत येत नाही. महाबळेश्वरचा फाटा फुटतो त्या पोलादपुरात एखाद्या लॉजच्या जाड वहीत निळ्या शाईने लिहिलेले नाव-गाव कायद्याबाहेर राहते. मॅनेजरने त्याच पाहुण्याच्या आधार कार्डाचा मोबाइलवर फोटो काढला की ती डिजिटल माहिती झाली. पोलिसांच्या नियमासाठी पाहुण्याची ओळख नोंदवणे वेगळे आणि पुढच्या मोसमात त्याच क्रमांकावर ‘रायगड दर्शन’ सवलतीचे संदेश धाडणे वेगळे. दुसऱ्यासाठी निराळी संमती हवी. झेरॉक्सच्या दुकानाची गोष्टही अशीच. गिऱ्हाईक आधार, पासबुक, सातबारा दुकानाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवते, प्रिंट घेते, पैसे देऊन निघून जाते. फाइल मात्र दुकानाच्या संगणकावर डाउनलोडच्या फोल्डरमध्ये तशीच पडून राहते. हेतू संपल्यावर माहिती पुसावी, असे नवा कायदा सांगतो. या दोन तालुक्यांत त्याची खरी कसोटी याच फोल्डरवर लागेल.

संमतीशिवाय माहिती वापरण्याची मुभा काही कारणांसाठी आहे: सरकारी अनुदान व लाभ, वैद्यकीय तातडी, नोकरीशी संबंधित काही कामे (महाडच्या औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांना ही लागू पडते) आणि आपत्ती. शेवटचे कारण येथे पुस्तकी नाही. जुलै 2021 मध्ये सावित्री व गांधारीच्या पुरात महाड शहर बुडाले, तळिये गावावर दरड कोसळून 80 हून अधिक माणसे गेली, पोलादपूर तालुक्यात केवनाळे व साखर सुतारवाडीवरही दरडी आल्या. अशा वेळी मृतांची, बेपत्तांची, बेघरांची यादी करताना प्रत्येकाची संमती घेत बसता येत नाही, हे कायदा मान्य करतो. पण मदत देण्यासाठी घेतलेला खातेक्रमांक गावच्या ग्रुपवर फिरवण्याची मुभा त्यातून निघत नाही.

याच याद्यांमुळे कायद्यावरचा सर्वांत गंभीर आक्षेपही समजतो. कलम 44(3) ने माहिती अधिकार कायद्याचे कलम 8(1)(ञ) बदलले. पूर्वी सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली खासगी माहितीच नाकारता येत असे आणि व्यापक जनहित असल्यास तीही द्यावी लागे. आता वैयक्तिक माहिती एवढेच कारण नकाराला पुरते. जनहिताची वाट कलम 8(2) मध्ये शिल्लक आहे, पण ती अर्जदाराला झगडून मिळवावी लागेल. पंचनाम्यात कोणाचे घर लागले, कोणाचे सुटले, हे तपासू पाहणाऱ्याला याचा थेट फटका बसतो. ग्राहकाच्या हक्कांना दीड वर्ष थांबवणाऱ्या वेळापत्रकाने हा बदल मात्र ताबडतोब लागू केला, ही त्यातली खटकणारी बाब.

माहिती फुटल्यास संबंधित व्यक्तीला व मंडळाला विनाविलंब कळवावे लागते, आणि सविस्तर अहवाल मंडळाला 72 तासांत द्यावा लागतो. सुरक्षेत हयगय केल्यास दंड 250 कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. तक्रार आधी माहिती बाळगणाऱ्याकडेच करायची, त्याने 90 दिवसांच्या आत निवारण करायचे, मग मंडळाकडे आणि अपील दूरसंचार विवाद न्यायाधिकरणाकडे. मंडळाचे कामकाज ऑनलाइन असल्याने दिल्लीला खेपा घालाव्या लागणार नाहीत. डोंगरातल्या वाडीवर रेंज मिळाली म्हणजे झाले.

दंडाची रक्कम मात्र भारताच्या संचित निधीत जमा होते. ज्याची माहिती फुटली त्याच्या हाती काही पडत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 43अ खाली नुकसानभरपाई मागता येते आणि पाच कोटींपर्यंतचे दावे राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे चालतात. पण नवा कायदा पूर्ण लागू होताच ते कलम गळेल. मग उरेल तो ग्राहक संरक्षण कायदा, 2019. विश्वासाने दिलेली माहिती कायद्याच्या आधाराशिवाय तिसऱ्याला देणे ही त्यात अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. बिलासाठी मोबाइल क्रमांकाची सक्ती करू नये, अशी सूचना केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने दुकानदारांना मे 2023 मध्ये याच कायद्याचा हवाला देऊन केली होती. ग्राहक राहतो तेथे तक्रार करता येत असल्याने महाड-पोलादपूरकरांसाठी ती अलिबागच्या जिल्हा आयोगाकडे जाते, आणि भरपाई देववण्याचा अधिकार या आयोगाला आहे.