देवमासा, जाळं आणि आपली खाडी

आजच्या गप्पांचा विषय आहे देवमासा. विषय ठरला तेव्हा आमच्या गटातच पहिला प्रश्न आला, "अगं, डोंबिवलीत बसून देवमाशाचं काय घेऊन बसलात? इथं लोकलमध्ये उभं राहायला जागा नाही!" प्रश्न रास्त होता, म्हणून उत्तर शोधायला आम्ही थोडं मागे गेलो.

आज कल्याणच्या खाडीकडे पाहून पटत नाही, पण कल्याण हे जुनं बंदर आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक व्यापाऱ्यानं लिहिलेल्या समुद्रप्रवासाच्या पुस्तकात 'कल्लिएना' म्हणून त्याचा उल्लेख येतो. १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि दुर्गाडीच्या पायथ्याशी खाडीत जहाजं बांधायला सुरुवात केली. आणि आपला ठाणे जिल्हा? १ ऑगस्ट २०१४ला पालघर वेगळा होईपर्यंत वसई, अर्नाळा, सातपाटी, डहाणू सगळं ठाणे जिल्ह्यातच होतं. उत्तन आजही आहे. आपल्या बाजारातल्या मावशींच्या पाटीत जे बोंबील आणि पापलेट असतात, त्यातले कितीतरी याच किनाऱ्यावरून येतात. म्हणजे समुद्राशी आपलं नातं रोजच्या जेवणाचं आहे.

माणूस आणि देवमासा यांच्या भेटीची अरबी समुद्रातली एक फार जुनी गोष्ट सांगतो. इसवी सनापूर्वी ३२५ साली सिकंदराचा नौदलप्रमुख निआर्कस सिंधूच्या मुखापासून इराणच्या आखाताकडे निघाला होता. वाटेत समुद्रातून पाण्याचे फवारे उडताना दिसले आणि खलाशांच्या हातातली वल्हीच गळून पडली. निआर्कसनं सगळ्या नावा एका रांगेत लावल्या आणि तुताऱ्या वाजवत, आरडाओरडा करत सरळ त्या प्राण्यांवर चाल केली. देवमासे बुडी मारून निघून गेले. त्याच किनाऱ्यावरचे लोक मेलेल्या देवमाशांची हाडं घराच्या वाशांना वापरत, असंही त्या वृत्तांतात आहे. आपल्याकडे संस्कृतात 'तिमिंगिल' हा शब्द आहे. तिमि म्हणजे प्रचंड मासा, आणि त्यालाही गिळणारा तो तिमिंगिल. मराठीत आपण त्याला देवच म्हटलं. प्रत्यक्षात तो मासा नाही. तो आपल्यासारखा हवेत श्वास घेतो, पिल्लाला जन्म देतो आणि दूध पाजतो. हे लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट या श्वासाची आहे.

भीतीनंतर आला व्यापार. देवमाशाच्या चरबीचं तेल युरोप-अमेरिकेत दिव्यांत जळलं, यंत्रांत गेलं. स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होणारा अंबर अत्तरासाठी सोन्याच्या भावानं विकला गेला. आजही 'व्हेलची उलटी' म्हणून ठाणे-कल्याणकडे पोलिसांनी पकडलेल्या मालाच्या बातम्या येतात, त्या याच अंबराच्या. त्याचा व्यापार आपल्या देशात गुन्हा आहे. कुणी घरी येऊन "करोडोंची वस्तू आहे, थोडे पैसे गुंतवा" म्हणालं, तर दार लावून घ्या.

विसाव्या शतकात स्फोटक भाले आणि कारखान्याएवढी जहाजं आली. आपल्या समुद्रातला सर्वांत मोठा घाव मात्र फार वर्षं लपून राहिला होता. १९६६च्या नोव्हेंबरात सोव्हिएत ताफ्यांनी अरबी समुद्रात ओमान, पाकिस्तान आणि भारताच्या वायव्य किनाऱ्यालगत हंपबॅक जातीचे २००हून अधिक देवमासे मारले. तेव्हाच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार ही शिकार बेकायदेशीर होती, म्हणून नोंदी दडवल्या गेल्या. १९९०च्या दशकात तिथल्याच शास्त्रज्ञांनी त्या उघड केल्या. अरबी समुद्रातले हे हंपबॅक इतर समुद्रांतल्यासारखे ध्रुवाकडे जात नाहीत, ते बारा महिने इथेच राहतात. आज ते १००च्याही आत असावेत, असा अंदाज आहे. २०१७ साली ओमानजवळ 'लुबान' नावाच्या मादीला उपग्रहाला संदेश देणारी खूण लावली, तर ती अख्खा समुद्र ओलांडून भारताच्या दक्षिण टोकापर्यंत येऊन गेली. तेव्हा हे आपलेच शेजारी आहेत.

शिकार थांबवायला कायदे झाले. भारताचा वन्यजीव कायदा १९७२चा. १९८१ साली भारत आंतरराष्ट्रीय देवमासा आयोगात गेला आणि १९८२ साली आयोगानं व्यापारी शिकारीवर बंदीचा ठराव केला. ती १९८६च्या सुमारास अमलात आली. भाला जवळजवळ थांबला, पण तोवर समुद्रात दुसरीच एक गोष्ट वाढली होती, ती म्हणजे जाळं.

पूर्वी आपल्या कोळीवाड्यांतली जाळी सुताची आणि तागाची असत. ती वाळवावी लागत, लवकर कुजत, आणि मोठ्या जनावरानं ओढ दिली की फाटत. स्वातंत्र्यानंतर होड्यांना इंजिनं बसली आणि नायलॉन आलं. कोळी कुटुंबांचे कष्ट त्यानं कमी केले, हे आधी मान्य करायला हवं. पण नायलॉन तुटत नाही आणि कुजतही नाही. त्यात अडकलेला गादा, म्हणजे डॉल्फिन, वर येऊन श्वास घेऊ शकला नाही तर काही मिनिटांतच गुदमरतो. मोठा देवमासा जाळ्यासकट निघून जातो. मग दोर अंगात रुतत जातो, तोंड उघडत नाही, आणि तो महिनोन्‌महिने उपाशी राहून मरतो. जगभरात दरवर्षी सुमारे ३ लाख देवमासे, डॉल्फिन आणि त्यांचे भाऊबंद जाळ्यांत मरतात, असा अंदाज आहे. आज त्यांच्या मरणाचं सर्वांत मोठं कारण हेच. ओमानजवळच्या हंपबॅकांचे फोटो तपासले, तेव्हा सुमारे एक तृतीयांश जनावरांच्या अंगावर दोराचे व्रण दिसले.

यावर उपाय कुठून निघाला? कॅनडात न्यूफाउंडलंड नावाचं बेट आहे. १९७०च्या दशकाच्या शेवटी तिथल्या मच्छीमारांच्या जाळ्यांत हंपबॅक अडकू लागले. जाळं फाटलं की हंगाम बुडायचा, म्हणून लोक चिडून त्यांना गोळ्या घालत. जॉन लिन नावाचे प्राध्यापक छोट्या होडीतून जायचे, देवमासा सोडवायचे आणि जाळंही शक्य तितकं वाचवायचे. ही दुसरी गोष्ट महत्त्वाची. मच्छीमाराचं नुकसान कमी झालं, म्हणून तोच पुढच्या वेळी फोन करू लागला. लिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५००हून अधिक देवमासे सोडवले.

आपल्याकडे हाच धडा गुजरातनं आधी गिरवला. व्हेल शार्क हा खरोखरचा मासा, जगातला सर्वांत मोठा. सौराष्ट्रात त्याची शिकार होत असे. २००१ साली कायद्यानं संरक्षण मिळालं, २००४ साली मोहीम सुरू झाली, आणि जाळं कापून त्याला सोडणाऱ्या मच्छीमाराला सरकार भरपाई देऊ लागलं. महाराष्ट्रानं डिसेंबर २०१८ मध्ये तशीच योजना आणली. कासव, व्हेल शार्क, डॉल्फिन, देवमासा असा संरक्षित प्राणी जाळ्यात आला आणि तांडेलानं जाळं कापून त्याला सोडलं, त्याचा फोटो किंवा व्हिडिओ दिला, तर जास्तीत जास्त २५,००० रुपये मिळतात. मत्स्यव्यवसाय विभाग आणि वनखात्याचा कांदळवन कक्ष मिळून हे काम पाहतात. पहिल्या तीन वर्षांत २५०हून अधिक प्राणी सुटले. त्यात कासवं सर्वांत जास्त, त्यानंतर व्हेल शार्क.

आता घरातला हिशेब मांडू. जाळ्याची किंमत २५,०००च्या कितीतरी पुढे जाते. ते बहुधा कर्जावर घेतलेलं असतं, आणि मासळी विकून हप्त्याची जुळवाजुळव करते ती घरची बाई. भर समुद्रात नवऱ्यानं किंवा मुलानं सुरी उचलली, की त्याची झळ तिच्या चुलीपर्यंत येते. जाळं कापणाऱ्याचं कौतुक वर्तमानपत्रात येतं, ते यायलाच हवं. पण कौतुकानं हप्ता भरला जात नाही. भरपाई किती मिळते आणि किती दिवसांत मिळते, यावर पुढच्या वेळी सुरी उचलली जाईल की नाही, हे ठरतं.

दुसरा धोका जहाजांचा. पिल्लासोबत संथ पोहणारी मादी वेगानं येणाऱ्या मोठ्या जहाजाला चुकवू शकत नाही. उपाय मात्र साधे आहेत, वाट बदला नाहीतर वेग कमी करा. कॅनडानं २००३ साली फंडीच्या उपसागरातला जहाजमार्ग सरकवला. अमेरिकेनं २००८ साली किनाऱ्याच्या काही भागांत ठरावीक मोसमात १० नॉटची, म्हणजे ताशी साधारण साडेअठरा किलोमीटरची मर्यादा घातली. आपली रिक्षा रिकाम्या रस्त्यावर याहून वेगानं जाते. श्रीलंकेच्या दक्षिणेला निळे देवमासे चरतात, तिथं २०२२ साली एमएससी या मोठ्या कंपनीनं स्वतःहून जहाजं आणखी दक्षिणेकडून न्यायला सुरुवात केली.

हे आपल्याला आत्ताच बोलायला हवं, कारण डहाणूजवळ वाढवण इथं देशातल्या सर्वांत मोठ्या बंदरांपैकी एक उभं राहतंय. ३० ऑगस्ट २०२४ला त्याची पायाभरणी झाली. तिथल्या मच्छीमारांचा विरोध जुना आहे, आणि त्यात बायका पुढे आहेत. बंदर झालं की जहाजं वाढणार. त्यांची वाट आणि वेग ठरवताना मासेमारीची जागा आणि या प्राण्यांची जागा नकाशावर आधी मांडली जाईल का, हा प्रश्न आपण विचारू शकतो. एकदा धक्के बांधून झाले की तो विचारायला उशीर झालेला असेल.

आपल्या किनाऱ्यानं अपयशही पाहिलंय. जून २०१५ मध्ये रेवदंड्याला सुमारे ४२ फुटी निळा देवमासा जिवंत लागला आणि तिथंच मेला. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला एक पिल्लू वाळूत अडकलं. गावकरी, वनखातं, तटरक्षक दल सगळे झटले, त्याला खोल पाण्यात नेलं, पण ते परत आलं आणि गेलं. किनाऱ्याला लागलेलं जनावर वाचणं फार अवघड असतं. म्हणून खरं काम त्याआधीचं, समुद्रातलं आहे.

आपल्या हातात काय आहे, तेही सांगतो. सहलीला गेल्यावर असं जनावर दिसलं तर गर्दी करू नका, त्याच्या डोक्यावरच्या श्वासाच्या छिद्रात पाणी जाऊ देऊ नका, आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. किनाऱ्यावर जाळ्याचे तुकडे दिसले तर ते परत समुद्रात जाणार नाहीत असे उचलून ठेवा. मुलांना ऐरोलीचं किनारी जैवविविधता केंद्र दाखवून आणा. ते कांदळवन कक्षाचंच आहे आणि आपल्यापासून फार लांब नाही. आणि बाजारात मासळी घेताना मावशींना एकदा विचारा, "तुमच्याकडे जाळं कापायची वेळ आली होती का? भरपाई मिळाली का?" मिळाली नसेल तर अर्ज भरायला बसा त्यांच्याबरोबर. आमच्या गटानं हे काम घ्यायचं ठरवलंय. यायचं असेल तर कळवा.