वारणेपल्याडचा मुलूख

माझ्या पुतण्याला मस्कतचं बोलावणं आलंय. वेल्डर आहे तो. कुपवाडला कंत्राटावर राबतो. गेल्या महिन्यात घरी आला आणि जेवता जेवता म्हणाला, "नाना, जाऊ का नको ते सांगा. पण भाषण करू नका."

भाषण करायची खोड आपल्या सगळ्यांनाच. म्हणून म्हटलं, बोलण्यापेक्षा लिहावं. कारण शेजारच्या मुलखात जाऊन बरं जगता येईल का, हा सवाल सातारा-सांगलीच्या महारवाड्याला नवा नाही. माझ्या आज्यानं तो दोनदा तोलला. दोन्हीदा गेला नाही. का गेला नाही, आणि त्याच वेळी आपल्या माणसांपुढं कुठले कुठले मुलूख होते, हा आपला इतिहास आहे. तो पाठ्यपुस्तकात नाही, म्हणून इथं.

आधी नकाशा नीट डोळ्यांपुढं आणा. आज आपण सांगली जिल्हा म्हणतो, तो १९४९ साली दक्षिण सातारा म्हणून झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. त्याआधी हा सगळा ठिगळांचा गोधडा होता. वाळवा, तासगाव इंग्रजांचं. सांगली पटवर्धनांची, मिरज दुसऱ्या पटवर्धनांची. कुंडल, आटपाडी औंधकरांचं. जत वेगळं, फलटण वेगळं. तासगाव तालुक्यातला माणूस किर्लोस्करवाडीला कामाला गेला की तो राज्य बदलून गेला. पाच कोसांवर परमुलूख! राजा वेगळा, कचेरी वेगळी, कायदा वेगळा. महारवाडा मात्र सगळीकडं गावाच्या त्याच अंगाला.

आमचं गाव वाळवा तालुक्यात, वारणेच्या उत्तर काठाला. अलीकडं इंग्रज, पलीकडं कोल्हापूर. उन्हाळ्यात गुडघाभर पाण्यातनं माणूस चालत कोडोलीकडं जायचा. तेवढ्या गुडघाभर पाण्यानं काय फरक पडत होता ते ऐका. १९०२ साली शाहू महाराजांनी मागासलेल्यांसाठी निम्म्या नोकऱ्या राखून ठेवल्या. १९१८ साली त्यांनी महार वतन रद्द करून जमिनी रयतावा केल्या. मार्च १९२० मध्ये कागल जहागिरीतल्या माणगावला परिषद झाली, तिथं ते स्वतः आले आणि तरुण भीमरावांकडं बोट दाखवून म्हणाले की हा तुमचा पुढारी तुम्हाला सापडला. हे सगळं नदीच्या पलीकडं. अलीकडं, जगात सगळ्यात सुधारलेलं म्हणवणाऱ्या इंग्रज सरकारच्या राज्यात, १८७४ चा वतन कायदा तसाच. ते वतन आमच्या काठावर कधी गेलं? १९५८ च्या कायद्यानं, अमलात आलं १९५९ मध्ये. एका नदीच्या दोन काठांत चाळीस वर्षांचं अंतर. मधे इंग्रज गेला, स्वराज्य आलं, घटना झाली, बाबासाहेब गेले. मग आमची येसकरकी सुटली.

तेव्हा आजा वारणा उतरून पलीकडं का गेला नाही? मी लहानपणी आजीला हे विचारलं. ती म्हणाली, "आरं, कायदा पल्याड हुता, पर हाडकी-हाडवळा अल्याड हुता." याच्यापुढं मला कुठल्या पुस्तकात जास्त काही सापडलं नाही. शाहूंनी जमीन दिली ती तिथल्या महारांना, त्यांच्याच वतनाची. बाहेरून आलेल्या महाराला तिथं काय? ना वाटा, ना खोपटाला जागा, ना पंगतीत मान. तिथल्या आपल्याच माणसांनी त्याला उपरा म्हटलं असतं. हे कडू आहे, पण खरं आहे. आणि चांगला राजा म्हणजे एका माणसाचा श्वास. १९२२ च्या मे महिन्यात शाहू महाराज गेले. आजा म्हणायचा, राजावर भरवसा टाकून चूल हलवायची नसती.

दुसरा मुलूख जरा लांबचा. सिंध.

आज हे नाव घेतलं की तुम्हाला पाकिस्तान दिसतं. तेव्हा सिंध मुंबई इलाख्यातच होता. १८४३ मध्ये इंग्रजांनी घेतला, चार वर्षांनी मुंबईला जोडला, तो १९३६ पर्यंत जोडलेलाच. मराठी कारकून, शिक्षक, शिपाई, सफाईवाले कराचीत पिढ्यान्‌पिढ्या होते. तिथली सगळ्यात जुनी सरकारी शाळा नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी माणसाच्या नावानं आहे. मुंबईहून बोट सुटायची. साताऱ्याच्या माणसाला कराची म्हणजे परदेश नव्हे, लांबची मुंबईच.

एप्रिल १९२९ मध्ये चिपळूणला रत्नागिरी जिल्ह्याची परिषद झाली. बाबासाहेब अध्यक्ष होते. खोतांच्या तावडीत सापडलेल्या कोकणातल्या माणसांना त्यांनी सांगितलं की इथं जमीन मिळत नसेल तर बाहेर पडा, सिंधमध्ये, इंदूर संस्थानात मोकळ्या जमिनी आहेत, तिथं जाऊन वसाहत करा. वेळ बघा. सक्करला सिंधू नदीवर प्रचंड बंधारा बांधायचं काम चालू होतं, ते जानेवारी १९३२ मध्ये पुरं झालं. वाळवंट भिजणार होतं. भिजणाऱ्या जमिनीला धनी लागणार होता. तो धनी महार का नको? बाबासाहेबांच्या बोलण्यात हे गणित होतं. उगाच 'गाव सोडा' एवढंच ते सांगत नव्हते. गाव सोडा आणि जिथं सातबाऱ्यावर तुमचं नाव लागेल तिथं जा, असं ते होतं. आपले काही वक्ते अर्धंच वाक्य सांगतात.

चिपळूण आम्हाला लांब नाही. पाटणवरून कुंभार्ली घाट उतरला की आलंच. आमचा एक कोकणातला सोयरा त्या परिषदेहून आमच्याकडं आला आणि चुलीपुढं बसून रात्रभर सिंध सिंध करत राहिला. आजा पेटला. भाड्याचे पैसे कर्जानं काढायचं ठरलं. आजी म्हणाली, "तुमी गेल्याव येसकरकी कोन करनार?"

हा सवाल बायकी भीतीचा नव्हता, कायद्याचा होता. वतन एकट्याच्या बोडक्यावर नसायचं, सगळ्या घरादारावर असायचं. पाळीचा महार गैरहजर असला तर पाटील त्याच्या बापाला, पोराला, बाईला कामाला जुंपायचा. दिवस नाही, रात्र नाही. मार्च १९२८ मध्ये बाबासाहेबांनी मुंबई कायदे कौन्सिलात वतन दुरुस्तीचं बिल मांडलं, तेव्हा त्यांनी हेच सरकारच्या तोंडावर मारलं होतं. बिल पुढं सरकलं नाही. आजा कराचीला गेला असता तर कागद घेऊन पळायला, मेलेलं ढोर ओढायला माझा बाप गेला असता. वय वर्षं आठ.

आजा थांबला. आणि सिंधच्या त्या भिजलेल्या जमिनी? बऱ्याचशा मोठ्या जमीनदारांनी आणि पंजाबातून आलेल्या शेतकऱ्यांनी घेतल्या. हातात पैसा आणि कचेरीत ओळख असणाऱ्यांच्याच वाट्याला पाणी जातं, हे आपण आपल्या कृष्णाकाठी बघतोच आहोत.

इथं एक आडवी गोष्ट सांगतो. बाबासाहेबांनी एक छोटं आत्मकथन इंग्रजीत लिहून ठेवलं, ते १९९० साली पुस्तिका म्हणून निघालं. नाव 'वेटिंग फॉर अ व्हिसा'. व्हिसाची वाट बघताना! आपल्याच देशात राहणारा माणूस व्हिसाची वाट बघतोय. पहिलाच प्रसंग आपल्या जिल्ह्यातला आहे. १९०१ साल. वडील खटाव तालुक्यातल्या गोरेगावला दुष्काळी तलावाच्या कामावर खजिनदार. पोरं साताऱ्याहून आगगाडीनं मसूरला उतरली. महाराची पोरं आहेत कळल्यावर गाडीवान मिळेना. शेवटी दुप्पट भाडं देऊन पोरांनीच गाडी हाकली. जवळ खायला होतं, पण रात्रभर पाणी मिळालं नाही. दुसरा प्रसंग बडोद्याचा. अमेरिका-विलायतेत काही वर्षं काढल्यावर आपण अस्पृश्य आहोत हे त्यांच्या मनातनं पार पुसलं गेलं होतं. १९१७ मध्ये बडोद्याच्या स्टेशनावर उतरल्यावर मात्र पहिला सवाल, राहायचं कुठं? म्हणजे परदेश काहीच देत नाही असं मी म्हणणार नाही. तो विसर देतो. माणूस म्हणून चालायची सवय देतो. ही लहान गोष्ट नाही, आणि पुतण्याला ती मिळाली तर मला हवीच आहे.

पण त्याच पुस्तिकेत दौलताबादही आहे. १९३४ साल, निजामाचा मुलूख, म्हणजे शेजारचं राज्य, राजाही हिंदू नाही. किल्ल्याच्या हौदावर आपल्या मंडळींनी हातपाय धुतले आणि मुसलमान जमाव धावून आला, धेडांनी हौद बाटवला म्हणून. सरहद्द ओलांडली, धर्माचं राज्य बदललं, हौद तोच. बाबासाहेबांनी तिथल्या तिथं विचारलं की आम्ही मुसलमान झालो असतो तर अडवलं असतं का.

आता १९४७. ज्या सिंधला आजा जाणार होता तो एका रात्रीत खराच परदेश झाला. सवर्ण सिंधी हिंदू बोटींनी निघाले. आणि कराचीच्या रस्त्यांवरची आपली माणसं? त्यांना निघू देईनात. सफाई ही अत्यावश्यक सेवा, म्हणून त्यांना अडकवून ठेवलं. भारताचे तिथले हाय कमिशनर श्रीप्रकाश यांनी लिहून ठेवलंय की त्यांनी हा विषय पंतप्रधान लियाकत अली खान यांच्याकडं काढला, तेव्हा उलटा सवाल आला, ही माणसं गेली तर कराचीचे रस्ते आणि संडास कोण साफ करणार? नवा देश, नवा झेंडा, आणि पहिल्याच वर्षी सरकारला आठवला तो आपल्या हातातला झाडू. आमच्या पाटलाची आणि त्या पंतप्रधानाची भाषा एकच. "तुमी गेल्याव कोन करनार?"

बाबासाहेबांनी नोव्हेंबर १९४७ मध्ये पत्रक काढून पाकिस्तानातल्या आपल्या लोकांना भारतात या म्हणून हाक दिली. सवर्ण हिंदूंवरचा राग म्हणून लीगच्या किंवा निजामाच्या मागं जाऊ नका, असंही बजावलं. १८ डिसेंबरला नेहरूंना पत्र लिहून कळवलं की आमच्या लोकांना तिकडं अडवून ठेवलंय. आणि त्याच पत्रात दुसरी बाजू. जे कसेबसे इकडं पोचले त्यांना निर्वासित छावणीतले अधिकारी सवर्णांपेक्षा वेगळं वागवतात, म्हणून ते छावणीत राहत नाहीत. छावणीत नाहीत म्हणून शिधा नाही, कपडा नाही. तिकडं जाऊ देत नाहीत, इकडं घेत नाहीत. ही आपली फाळणी. दंगलीच्या सिनेमात ती कधी दिसली नाही.

जोगेंद्रनाथ मंडलांचं नाव इथं टाळता येणार नाही. याच माणसानं १९४६ मध्ये बाबासाहेबांना बंगालमधून घटना समितीवर निवडून आणायला जिवाचं रान केलं. मग ते पाकिस्तानात गेले, तिथल्या घटना समितीच्या पहिल्या बैठकीचे तात्पुरते अध्यक्ष झाले, कायदेमंत्री झाले. ऑक्टोबर १९५० मध्ये राजीनामा देऊन कलकत्त्यात परत. त्यांना भोळा म्हणून निकाली काढणारे आपल्यात पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. बंगालात नमःशूद्रही कूळ, मुसलमानही कूळ, जमीनदार वरचा हिंदू. अशा ठिकाणी मुसलमान शेतकऱ्याबरोबर राहावं हा हिशेब वेडगळ नव्हता. हिशेब कुठं चुकला? राज्य आल्यावर सोबत्याचा धनी होतो, तिथं. मंडलांना परत यायला वाट होती, कारण ते मंत्री होते. त्यांच्या मागं राहिलेल्या लाखोंना ती वाट नव्हती.

बाबासाहेब शेवटपर्यंत जागेचा विचार सोडत नव्हते, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या परिषदेत अस्पृश्यांची वेगळी गावं वसवा असा ठराव झाला. मार्च १९४७ च्या त्यांच्या निवेदनात पडीक सरकारी जमिनींवर अशी गावं वसवायला वसाहत आयोग मागितला. म्हणजे मुलूख बदलायचा नाही, मुलखातली जागा बदलायची. तो आयोग घटनेत आला नाही. आला असता तर कुपवाड आणि मस्कत यांच्यात निवड करायची पाळी आज कितीजणांवर आली असती, याचा हिशेब तुम्हीच करा.

१९५९ नंतर आमची वतन जमीन सरकारजमा झाली, आणि कब्जेहक्काची रक्कम भरून पुन्हा आम्हीच विकत घेतली. बापानं म्हैस विकून पैसे भरले. आजा तेव्हा होता. पावती हातात घेऊन नदीकाठी गेला आणि बराच वेळ पलीकडं बघत बसला, असं आजी सांगायची.

पुतण्याला मी हे सगळं वाचून दाखवलं. तो म्हणाला, "नाना, हे भाषणच झालं." झालं असेल. मग आम्ही कागद काढला. पगार किती, हे त्यानं आधीच विचारलं होतं. मी म्हटलं, दुसरं विचार. आखातात कफाला नावाची पद्धत कित्येक दशकं चालत आली, मालकाच्या मर्जीशिवाय काम बदलायचं नाही, काही ठिकाणी देशही सोडायचा नाही. अलीकडं काही देशांनी ती सैल केली आहे, पण पासपोर्ट मालकाच्या कपाटात ठेवायची खोड कायद्यानं एकदम जात नाही. आणि जात तिथं नसते असं धरून चालू नकोस. अमेरिकेतल्या सिॲटल शहराला २०२३ मध्ये जातीच्या भेदाविरुद्ध कायदा करावा लागला, ती काय तिथल्या गोऱ्यांनी शोधून काढलेली जात नव्हे. आपल्याच लोकांनी सामानातून नेलेली.

पुतण्यानं एजंटाला फोन लावला. स्पीकर चालू ठेवला. विचारलं, "माझा पासपोर्ट माझ्याकडं राहणार का? आणि सहा महिन्यांत परत यायचं म्हटलं तर येता येईल का?"

एजंट म्हणाला, "असलं कुणी विचारत नाही, दादा."

"मी विचारतोय," पुतण्या म्हणाला. "लेखी द्या."

तो कागद अजून आलेला नाही. शुक्रवारपर्यंत वाट बघायची ठरली आहे.