‘इंग्रजी ४७’ : विद्यापीठीय नाट्यविभागाच्या पूर्वेतिहासातील एक प्रकरण

नाटक विद्यापीठात वाचले जावे याविषयी विद्वानांत कधी फारसा मतभेद नव्हता. सोफोक्लीझ असो, कालिदास असो वा शेक्सपिअर असो, त्यांच्या संहिता भाषाविभागांतून पिढ्यान्‌पिढ्या शिकविल्या गेल्या; पाठभेद, आधारग्रंथ, वृत्तविचार यांवर प्रबंध झाले व त्यांस पदव्याही मिळाल्या. मतभेद उत्पन्न झाला तो पुढच्या पायरीवर. विद्यार्थ्याने स्वतः नाटक लिहावे, ते रंगमंचावर उभे करावे, त्यासाठी पडदे रंगवावेत, दिवे लावावेत, आणि या साऱ्या खटाटोपास विद्या समजून विद्यापीठाने त्यावर आपली मुद्रा उठवावी काय? अमेरिकेत पिट्सबर्गच्या कार्नेगी तंत्रशिक्षण संस्थेने १९१४ मध्ये नाट्यविषयक पदवीचा अभ्यासक्रम सुरू करून या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी दिले. परंतु ती मुळात तंत्रशिक्षणाची संस्था असल्यामुळे तिला जुन्या प्रतिष्ठेचे ओझे नव्हते. हा प्रश्न खऱ्या अर्थाने पणास लागला तो हार्वर्ड येथे. तेथे त्याचा निकाल लागण्यास सुमारे वीस वर्षे लागली आणि निकालाअंती प्राध्यापकच विद्यापीठ सोडून गेले.

हे प्राध्यापक म्हणजे जॉर्ज पिअर्स बेकर. त्यांचा जन्म १८६६ मध्ये प्रॉव्हिडन्स येथे झाला. १८८७ मध्ये हार्वर्डची पदवी घेऊन दुसऱ्याच वर्षी ते तेथे इंग्रजीचे अध्यापन करू लागले. त्यांची पहिली कीर्ती नाटकाशी संबंधित नव्हती, हे सहसा लक्षात घेतले जात नाही. युक्तिवादाच्या तत्त्वांवरील त्यांचा ग्रंथ १८९५ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि वादविवादाचे शिक्षक म्हणूनच ते प्रथम ओळखले जात. पुढे त्यांच्या नाट्यवर्गात जी शिस्त दिसते तिचे मूळ येथे असावे. वक्त्याचे बोलणे सभेस पटते की नाही यावर जसे त्याचे यश ठरते, तसेच नाटकाचे यश प्रेक्षकांवर काय परिणाम घडतो यावर ठरते, ही त्यांची मूळ धारणा होती. १९०७ मधील त्यांच्या शेक्सपिअरविषयक ग्रंथातही भर आहे तो कवी शेक्सपिअरवर नसून, रंगमंच, नटसंच व प्रेक्षक यांच्याकडून हळूहळू आपला धंदा शिकत गेलेल्या नाटककारावर. शेक्सपिअर जर शिकला असेल, तर इतरांसही शिकविता येईल. बेकर यांच्या पुढील सर्व उद्योगामागे हे अनुमान आहे.

नाट्यलेखनाचा वर्ग त्यांनी प्रथम रॅडक्लिफ या स्त्रियांच्या महाविद्यालयात घेतला, आणि नंतर १९०५-०६ मध्ये तो हार्वर्डच्या अभ्यासक्रमात आणला. विभागाच्या सूचीतील त्याचा अनुक्रमांक ‘इंग्रजी ४७’ असा होता; हा रूक्ष आकडाच पुढे एका परंपरेचे नाव होऊन बसला. वर्गाची पद्धत साधी होती. प्रवेशासाठी स्वतः लिहिलेले नाटक सादर करावे लागे. प्रथम एखाद्या कथेचे नाट्यरूपांतर, नंतर स्वतंत्र एकांकिका, शेवटी पूर्ण लांबीचे नाटक, असा क्रम असे. बेकर विद्यार्थ्यांची नाटके वर्गात स्वतः मोठ्याने वाचून दाखवीत व त्यांवर चर्चा घडवीत. त्यांचे वाचन उत्तम असे. आणि उत्तम वाचनाने दुबळे नाटकही क्षणभर सबळ वाटते, हा त्या पद्धतीतील धोकाही होता. वर्गाची ख्याती लवकरच झाली. त्यांचा विद्यार्थी एडवर्ड शेल्डन याचे ‘सॅल्व्हेशन नेल’ हे नाटक १९०८ मध्ये मिसेस फिस्क या विख्यात अभिनेत्रीने न्यूयॉर्क येथे रंगभूमीवर आणले, तेव्हा शेल्डन केवळ बावीस वर्षांचा होता.

तथापि कागदावरील नाटकाची परीक्षा कागदावर होत नाही, ही अडचण राहिलीच. ती दूर करण्यासाठी १९१२-१३ च्या सुमारास वर्गास जोडून ‘४७ वर्कशॉप’ ही प्रयोगशाळा सुरू झाली. तिला स्वतःचे नाट्यगृह नव्हते. प्रयोग होत ते रॅडक्लिफच्या अ‍ॅगॅसिझ भवनातील लहानशा रंगमंचावर. तालमी व इतर कामे मॅसॅच्युसेट्स हॉल या १७२० मधील जुन्या इमारतीत चालत. पण या संस्थेचा खरा विशेष रंगमंचामागे नसून रंगमंचासमोर होता. प्रयोगास तिकीट नसे. प्रेक्षक निमंत्रित असत, आणि प्रत्येकाने पाहिलेल्या नाटकावरील आपला अभिप्राय ठरलेल्या मुदतीत लेखी पाठविला पाहिजे अशी अट असे. हे अभिप्राय बेकर स्वतः वाचीत व टीकाकारांची नावे काढून ते लेखकाच्या हाती देत. लेखकाने त्यांचा विचार करून नाटक पुन्हा लिहावे, अशी अपेक्षा असे. टाळ्यांना मोल न देता विचारपूर्वक लिहिलेल्या अभिप्रायास मोल देणारा हा प्रेक्षकवर्ग म्हणजे बेकर यांची सर्वांत मौलिक निर्मिती म्हणावी लागेल. विज्ञानशाखेतील प्रयोगशाळेशी त्यांनी साधलेले हे साम्य केवळ शाब्दिक नव्हते. प्रयोग, निरीक्षण, नोंद व दुरुस्ती हे चारही टप्पे तेथे होते.

या वर्गाचा सर्वांत प्रसिद्ध विद्यार्थी यूजीन ओनील. क्षयरोगातून उठलेला, समुद्रावर भटकून आलेला, ‘मॉन्टे ख्रिस्तो’च्या प्रयोगांवर धन मिळविणाऱ्या नटाचा हा मुलगा १९१४-१५ या एका वर्षापुरता बेकर यांच्याकडे होता. वर्गाच्या इतिहासात त्याचे नाव अग्रभागी घातले जाते. परंतु येथे थोडे सावध राहणे इष्ट आहे. त्या वर्षी त्याने वर्गासाठी लिहिलेली नाटके आज संशोधकांखेरीज कोणी वाचीत नाही. ज्या ‘बाउंड ईस्ट फॉर कार्डिफ’ने १९१६ मध्ये प्रॉव्हिन्सटाउन येथे त्याचा खरा आरंभ झाला, ते त्याने या वर्गात येण्यापूर्वीच लिहिले होते, आणि बेकर यांच्या मते ते नाटकच नव्हते, असे ओनीलने पुढे सांगितले. गुरूच्या तंत्रविचारात न बसणारी कृतीच शिष्याच्या कीर्तीचा पाया ठरली. असे असूनही १९३५ च्या जानेवारीत बेकर निवर्तले तेव्हा ओनीलने वृत्तपत्रातून त्यांना कृतज्ञतेची श्रद्धांजली वाहिली. तिचा आशय असा की, ज्या काळी अमेरिकन रंगभूमीवर गंभीर नाटकास स्थानच नव्हते, त्या काळी या प्राध्यापकाने आपल्या कामावर विश्वास ठेवण्याचे बळ दिले. म्हणजे ओनीलला तेथे मिळाले ते तंत्राहून निराळे होते : नाटक लिहिणे हे आयुष्य वेचण्याजोगे काम आहे, असे एका प्रतिष्ठित विद्यापीठाच्या आवारात कोणीतरी गंभीरपणे मानीत होते.

टॉमस वुल्फची कथा याच्या उलट आहे. उत्तर कॅरोलायना विद्यापीठात बेकर यांचेच माजी विद्यार्थी फ्रेडरिक कॉख यांनी चालविलेल्या नाट्यमंडळातून तो १९२० मध्ये हार्वर्ड येथे आला आणि नाटककार होण्याच्या जिद्दीने तीन वर्षे राहिला. १९२३ मध्ये त्याचे ‘वेलकम टू अवर सिटी’ कार्यशाळेने सादर केले : दहा प्रवेश, तीसहून अधिक पात्रे आणि लांबलेला प्रयोग. त्या छोट्या रंगमंचावर ते उभे राहिले हेच आश्चर्य. व्यावसायिक रंगभूमीने ते स्वीकारले नाही. पुढे वुल्फ कादंबरीकार झाला, आणि १९३५ मधील आपल्या कादंबरीत त्याने बेकर यांचे ‘प्राध्यापक हॅचर’ या नावाने जे चित्र रेखाटले त्यात आदरापेक्षा उपरोधच अधिक आहे. वर्गातील आत्मसंतुष्ट सौंदर्यवादी वातावरणावर त्याने जे ओरखडे काढले आहेत, ते सर्वस्वी अन्यायाचे आहेत असे म्हणता येत नाही. अभिप्राय लिहिण्याची सवय लागलेले लोक अभिप्रायासाठीच नाटक लिहू लागण्याचा संभव असतोच.

या अवधीत विद्यापीठाची भूमिका काय होती? वर्गास परवानगी होती, परंतु पदवी नव्हती. कार्यशाळेस सहानुभूती होती, परंतु इमारत नव्हती. अध्यक्ष ए. लॉरेन्स लॉवेल यांच्या कारकीर्दीत नाट्यलेखनास पदवीचा विषय करण्यास विद्यापीठाने नकार दिला. व्यावसायिक शिक्षण हे उदार विद्येच्या कक्षेबाहेर आहे, हा अशा नकारामागचा नेहमीचा युक्तिवाद. परंतु याच हार्वर्डने १९०८ मध्ये व्यापारशिक्षणाची स्वतंत्र शाळा काढली होती. वैद्यक व कायदा तर पूर्वीपासूनच होते. तेव्हा अडचण व्यवसायाची नव्हती, विशिष्ट व्यवसायाची होती. तरीही हार्वर्डचा पक्ष सर्वस्वी पोकळ मानू नये. नाटकाची गुणवत्ता कोणत्या परीक्षेने मोजावी, वर्गात उत्तीर्ण झालेला नाटककार रंगभूमीवर पडला तर पदवीचा अर्थ काय, या प्रश्नांस बेकर यांच्याजवळही निर्णायक उत्तर नव्हते.

मराठी अभ्यासकास हा प्रसंग परका वाटण्याचे कारण नाही. सांगली येथे विष्णुदास भावे यांचा पहिला प्रयोग १८४३ मध्ये झाला. त्यानंतर नाटकाचे वेड महाविद्यालयांतही शिरले, पण ते राहिले स्नेहसंमेलनांत व स्पर्धांत, अभ्यासक्रमाच्या उंबरठ्याबाहेर. पुणे विद्यापीठात ललित कला केंद्र स्थापन झाले ते १९८७ मध्ये, आणि मुंबई विद्यापीठाची नाट्यकला अकादमी २००३ मध्ये.

१९२४ मध्ये मॅसॅच्युसेट्स हॉलला आग लागली, आणि त्यानंतर ती इमारत विद्यार्थ्यांच्या निवासासाठी वापरण्याचे ठरले. कार्यशाळेचे उरलेसुरले छप्परही गेले. त्याच वर्षी एडवर्ड हार्कनेस या धनिकाने येल विद्यापीठास नाट्यविभाग व नाट्यगृह यांसाठी दहा लक्ष डॉलर दिले, आणि १९२५ मध्ये बेकर येल येथे गेले. फुटबॉलच्या भाषेत ‘येल ४७, हार्वर्ड ०’ असा विनोद तेव्हा रूढ झाला. १९२६ च्या अखेरीस येलचे नाट्यगृह उघडले.

येलच्या या विभागाचे मूल्यमापन करताना एक विसंगती पुढे येते. हार्वर्डच्या बिनपदवीच्या, बिनछपराच्या वर्गातून ओनील, सिडनी हॉवर्ड, फिलिप बॅरी, एस. एन. बेर्मन हे नाटककार निघाले. येलच्या सुसज्ज इमारतीत, बेकर १९३३ मध्ये निवृत्त होईपर्यंत, त्या तोडीची मालिका निर्माण झाली नाही. पहिल्याच वर्षांतील एक अपवाद मात्र लक्षणीय आहे. शिकागोच्या वृत्तपत्रात खुनांच्या खटल्यांची वार्तांकने केलेल्या मॉरीन डॅलस वॉटकिन्स यांनी बेकर यांच्या वर्गात ‘शिकागो’ हे नाटक लिहिले आणि १९२६ च्या डिसेंबरात ते ब्रॉडवेवर गेले. त्याचे संगीतरूप १९७५ मध्ये झाले, व त्यावरील चित्रपटास २००२ चा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा ऑस्कर मिळाला. एरवी येलची खरी देणगी शोधावयाची ती लेखनाबाहेर. स्टॅन्ली मॅक्कँडलेस या वास्तुशास्त्रज्ञास बेकर यांनी प्रकाशयोजना शिकविण्यासाठी आणले. दिवे लावणे हे तोपर्यंत विजेच्या कामगारांचे काम समजले जाई. मॅक्कँडलेस यांनी त्यास पद्धती दिली : रंगमंचाचे लहान क्षेत्रांत विभाजन करावे, प्रत्येक क्षेत्रावर दोन बाजूंनी, सुमारे ४५ अंशांच्या कोनातून प्रकाश टाकावा, आणि एका बाजूची छटा उष्ण तर दुसरीची शीत ठेवावी, म्हणजे नटाचा चेहरा स्पष्टही दिसतो व त्याची घनताही लोपत नाही. १९३२ मधील त्यांच्या छोट्या पुस्तकातून ही रीत जगभर गेली आणि आजही प्रकाशयोजनेचे पाठ बहुधा तेथूनच सुरू होतात. जे वर्गात शिकविता येते आणि ज्याची परीक्षा घेता येते, असे नाटकात काय आहे, याचे हे एक निःसंदिग्ध उत्तर होय.

दुसरी देणगी संघटकांची. रॅडक्लिफच्या विद्यार्थिनी थेरेसा हेलबर्न पुढे थिएटर गिल्ड या महत्त्वाच्या नाट्यसंस्थेच्या सूत्रधार झाल्या. हार्वर्ड येथे बेकर यांच्या साहाय्यक असलेल्या हॅली फ्लॅनगन यांनी व्हासर महाविद्यालयात प्रायोगिक रंगभूमी उभारली. महामंदीच्या काळात, १९३५ ते १९३९, बेकार नटांना काम देणाऱ्या सरकारी नाट्ययोजनेचे नेतृत्व त्यांच्याकडेच होते. अमेरिकेतील कित्येक विद्यापीठांतून नाट्यविभाग काढणारे लोक या ना त्या मार्गाने ‘इंग्रजी ४७’शी संबंधित निघतात.

पुढील इतिहास थोडक्यात सांगता येतो. येलचा विभाग १९५५ मध्ये स्वतंत्र विद्याशाळा झाला. रॉबर्ट ब्रुस्टीन यांनी १९६६ मध्ये त्यास व्यावसायिक नाट्यसंस्थेची जोड दिली. लॉइड रिचर्ड्स यांच्या काळात, १९८४ मध्ये, ऑगस्ट विल्सन यांचे ‘मा रेनीज ब्लॅक बॉटम’ प्रथम तेथेच रंगले. ब्रुस्टीन यांना १९७९ मध्ये येल सोडावे लागले, आणि ते गेले ते हार्वर्डला. १९२५ ची वाट अशी उलट दिशेने चालली गेली. हार्वर्डने १९६० मध्ये नाट्यगृह बांधले होते. ब्रुस्टीन यांची संस्था १९८० पासून तेथे प्रयोग करू लागली. परंतु नाट्य, नृत्य व माध्यमे हा पदवीचा विषय हार्वर्डने मान्य केला तो २०१५ मध्ये, म्हणजे बेकर गेल्यास नव्वद वर्षे झाल्यावर.

आज वादाचे केंद्र पदवीकडून शुल्काकडे सरकले आहे. हार्वर्डच्या नाट्यसंस्थेशी संलग्न असलेल्या अभिनय-प्रशिक्षणवर्गाचे विद्यार्थी ज्या कर्जाखाली बाहेर पडत, ते त्यांच्या मिळकतीच्या मानाने अवाजवी असल्याचा निष्कर्ष अमेरिकन शिक्षणखात्याने काढला आणि २०१७ मध्ये तेथील नवे प्रवेश थांबविण्यात आले. येल येथे २०२१ मध्ये डेव्हिड गेफन यांच्या पंधरा कोटी डॉलरांच्या देणगीमुळे नाट्यशाळेच्या पूर्णवेळ विद्यार्थ्यांचे शिक्षणशुल्क कायमचे रद्द झाले, आणि शाळेस दात्याचे नाव देण्यात आले. एकाच कलेच्या एकाच प्रकारच्या शिक्षणास एका गावी कर्जापायी टाळे लागले, तर दुसऱ्या गावी एका धनिकाच्या इच्छेने ते विनाशुल्क झाले. ओनील दुसऱ्या वर्षी बेकर यांच्या वर्गात परतला नाही, त्याचे एक कारण पैशाची अडचण हे होते.