दयेचे माप कोणाच्या हाती?

कायद्याची दयासुद्धा मोजूनच दिली जाते. ते माप कोणी घडवले, हे इतिहासाला विचारले पाहिजे.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १९७२ साली आपल्या दंडसंहितेत कलम १००० घातले. अमली पदार्थ स्वतःपुरते बाळगल्याचा आरोप असलेल्या, आणि अशा गुन्ह्यात पूर्वी दोषी न ठरलेल्या माणसाचा खटला थांबवायचा, त्याला उपचाराला पाठवायचे आणि मुदत नीट पार पडली तर आरोप रद्द करायचा, अशी ही योजना. व्यसनी असणे एवढ्यासाठीच शिक्षा देता येणार नाही, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली याच राज्यातून आलेल्या रॉबिन्सन खटल्यात ठरवले होते.

परंतु या वाटेवर एक नाका होता. परिवीक्षा अधिकारी आरोपीची चौकशी करी: वय, नोकरी, शिक्षण, कुटुंब व समाजाशी संबंध, नशेचा पूर्वेतिहास, आधीचे उपचार. हा माणूस उपचाराने सुधारेल का, याचा अंदाज त्यावरून बांधायचा. त्याचे बोलणे त्याच्याच विरुद्ध पुरावा होणार नाही, हे संरक्षण कायद्याने दिले, हे मान्य करू. पण ज्याला नोकरी नाकारली गेली, ज्याची शाळा सुटली, त्याचे काय? त्याचे दारिद्र्यच त्याचा दोष म्हणून कागदावर चढते. ‘पहिला गुन्हा’ हाही निव्वळ माणसाचा इतिहास नव्हे. तो पोलिसांच्या वहीचाही इतिहास आहे. ज्या काळ्या वस्तीत गस्त जास्त, तिथली नावे वहीत आधी.

माप बदलता येते, हेही हाच इतिहास सांगतो. सरकारी वकिलाच्या संमतीची अट राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७४ साली रद्द केली. १९९७ पासून मात्र ‘आधी कबुली, मग उपचार’ असे झाले. पुढे आरोप रद्द झाला, तरी स्थलांतर कायद्यापुढे ती कबुली दोषसिद्धीच ठरे. परदेशातून आलेल्या मजुरावर हद्दपारीची टांगती तलवार राही. ही अट २०१८ साली गेली.

आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याचे कलम ३९ व्यसनी माणसाला शिक्षेऐवजी उपचाराची मुभा देते. तीही दोषी ठरवल्यावर, आणि त्याचे वय, प्रकृती, चारित्र्य व पूर्ववृत्त पाहून. १८७१ च्या कायद्याने ज्या देशात जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या, तिथे ‘पूर्ववृत्त’ हा शब्द निरागस राहत नाही.

म्हणून केवळ उपचाराची मागणी पुरेशी नाही. चौकशीतले प्रश्न कोण ठरवतो, हाही प्रश्न चळवळीने विचारला पाहिजे.