गोरेगावची प्रयोगशाळा, परळची खाट

रुग्णावर उपचार करणारा आणि रोगाचा वा औषधाचा शास्त्रीय शोध घेणारा डॉक्टर एकच असावा, ही अपेक्षा मुंबईत प्रथम परळला रुजली, कारण १८९९ पासून तेथे असलेली हाफकिन यांची प्लेग प्रयोगशाळा आणि १९२६ साली उघडलेले के.ई.एम. रुग्णालय व त्याला जोडलेले सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय ही एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर होती. उपनगरांचा इतिहास वेगळा आहे. तेथे प्रयोगशाळा आल्या आणि रुग्णालयेही आली, पण त्या दोहोंना जोडणारे शिक्षण आले नाही. दोन्ही विद्या अंगी बाणवू पाहणाऱ्याला ते लोकलने परळला जाऊन किंवा विमानाने परदेशी जाऊन मिळवावे लागले.

स्विस कंपनी सिबाने गोरेगाव येथे उभारलेल्या संशोधन केंद्राचे उद्घाटन १९६३ मध्ये पंतप्रधान नेहरूंनी केले आणि मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातील रसायनशास्त्रज्ञ टी. आर. गोविंदाचारी त्याचे संचालक झाले. १९७२ मध्ये जर्मन कंपनी होक्स्टचे केंद्र मुलुंडला सुरू झाले. योगायोग असा की, औषधांवरील उत्पादन-पेटंट, म्हणजे खुद्द औषधावरचा मक्ता, रद्द करणारा कायदा त्याच वर्षी अमलात आला आणि परदेशी कंपन्यांना भारतात मूलभूत संशोधन करण्याचे आकर्षण पुढे ओसरत गेले.

मुलुंडच्या केंद्राचे सर्वांत नावाजलेले काम ज्या वनस्पतीवर झाले, तिच्या मुळांचे लोणचे घाटकोपर-मुलुंडच्या गुजराती घरांत गरमर या नावाने परिचित आहे. नोएल डिसूझा यांच्या गटाने या मुळांतून वेगळे काढलेले फोरस्कोलिन हे द्रव्य रक्तदाब कमी करते आणि हृदयाच्या आकुंचनाला जोर देते, असे दिसून आले. ते पेशीतील अॅडेनिलेट सायक्लेज या विकराला, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनाला, थेट चेतवते, हे मात्र १९८१ मध्ये अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केनेथ सीमन व जॉन डॅली यांनी दाखवले आणि त्यापासून बनवलेले हृदयविकारावरचे औषध अखेर जपानमध्ये वापरात आले. एका वृक्षातील रोहिटुकिन या द्रव्यापासून मुलुंडलाच घडवलेल्या फ्लॅव्होपिरिडॉल या कर्करोगविरोधी रेणूच्या रुग्णांवरील चाचण्याही १९९० च्या दशकात अमेरिकेत झाल्या. कंपनीची व्यापारी गणिते यामागे होतीच. तरीही रेणू हाती असताना तो रुग्णाच्या खाटेपर्यंत नेणारे वैद्यक-संशोधक येथे मोजकेच होते, ही उणीव त्या प्रवासात उघडी पडते.

असा दुवा साधणाऱ्या विद्येला क्लिनिकल फार्माकॉलॉजी, म्हणजे औषधाचा माणसावरील परिणाम मोजण्याचे शास्त्र, म्हणतात. गोरेगावच्या केंद्राशी संबंधित डॉ. अशोक वैद्य यांनी सहकाऱ्यांसह कंपवाताच्या रुग्णांना खाजकुयलीच्या बियांचे चूर्ण देऊन केलेला अभ्यास १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला. या बियांत लेव्होडोपा हे कंपवातावरील मुख्य औषध निसर्गतःच असते. पुढे त्यांचे काम विलेपार्ले-जुहू भागातील संशोधन संस्थांतून चालले. परंतु एकट्यादुकट्या डॉक्टरच्या चिकाटीतून परंपरा उभी राहत नाही.

ती उभी न राहण्याचे एक कारण मानद पद्धतीत शोधावे लागते. मुंबईच्या रुग्णालयांतील वरिष्ठ डॉक्टर, ज्यांना सारे ‘ऑनररी’ म्हणत, सकाळी वॉर्डात राउंड घेत आणि दुपारनंतर स्वतःच्या कन्सल्टिंग रूमवर पोट भरत. मग संशोधनाला दिवस उरणार कोठून? पूर्णवेळ वैद्यकीय अध्यापक नेमावेत, ही आरोग्यसेवेचा आढावा घेणाऱ्या भोर समितीची १९४६ मधील शिफारस परळ-शीवच्या महाविद्यालयांपर्यंत हळूहळू पोहोचली. घाटकोपरचे राजावाडी किंवा बोरिवलीचे भगवती ही रुग्णालये मात्र उपचारापुरतीच राखलेली होती आणि तेथील प्रचंड रुग्णसंख्येतून शास्त्रीय निष्कर्ष काढण्याची जबाबदारी कोणावरच नव्हती.

असे वैद्यक-संशोधक घडवण्यासाठी अमेरिकेत १९६४ पासून सरकारी खर्चाने वैद्यकीय पदवी आणि पीएच.डी. यांचा जोडअभ्यासक्रम चालू आहे. इकडे मुंबईच्या उपनगरांत महापालिकेचे पहिले वैद्यकीय महाविद्यालयच २०१५ मध्ये जुहूच्या कूपर रुग्णालयात सुरू झाले आणि तोवर गोरेगाव-मुलुंडची ती केंद्रे मूळ रूपात उरली नव्हती. पदव्युत्तर शिक्षणाच्या तीन वर्षांत प्रबंध सक्तीचा असला, तरी एथिक्स कमिटीची मंजुरी, ओपीडी, रात्रपाळ्या आणि परीक्षा यांच्या फटीत तो उरकला जातो. बहुतेक निवासी डॉक्टर त्याकडे परीक्षेला बसण्याचा परवाना म्हणून पाहतात, आणि त्यांना दोष देणे अन्यायाचे ठरेल. पदवीनंतर बंधपत्राची सक्तीची सरकारी सेवा येते आणि त्यापुढे पीएच.डी.ला नाव घालणाऱ्याला आपले सोबती खाजगी रुग्णालयांत स्थिरावत असताना आणखी काही वर्षे विद्यावेतनावर काढावी लागतात.